दानीएलाचा सिंह उसात जातो

उपासना संपली की चर्चच्या दारातून झटकन बाहेर पडायचं, हे मला माझ्या सासऱ्यांनी लग्नातच सांगितलं होतं. जो रेंगाळतो त्याच्या गळ्यात काहीतरी पडतं. त्या रविवारी माझी एक चप्पल सापडेना म्हणून मी रेंगाळलो, आणि माझ्या गळ्यात शब्बाथशाळा पडली.

शब्बाथशाळा म्हणजे रविवारी मोठी माणसं उपासनेला बसली की लहान पोरांना बाजूच्या खोलीत घेऊन त्यांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. आमच्या गंगाखेडच्या छोट्याशा चर्चमध्ये हे काम एक बाई करत असत. त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, नगरकडचे. बोलणं एवढं गोड, की आपण कशाला हो म्हणालो ते माणसाला घरी गेल्यावर कळतं.

"वाघमारे," ते म्हणाले, "तुम्ही एसटीत चौकशीच्या खिडकीत बसता. दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकता. मुलं म्हणजे तरी दुसरं काय? प्रश्नच. नाताळपर्यंत सांभाळा."

खिडकीला जाळी असते, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण तेवढ्यात चप्पल सापडली.

माझं आडनाव वाघमारे असलं तरी आमच्या घराण्यात कुणी वाघ मारल्याचं ऐकिवात नाही. मारला असेल तर तो दुसऱ्या शाखेनं. मी, बन्सीधर वाघमारे, स्वभावानं भित्रा माणूस आहे, आणि त्यातही लहान मुलांना जास्त भितो. मोठ्या माणसानं "परभणी गाडी कधी?" असं विचारलं, आपण "येईल" म्हणालो, की तो गप्प जाऊन बसतो. लहान पोर म्हणतं, "न्हाई आली तर?"

पहिल्याच रविवारी ते झालं. सतरंजीवर खोलीभर पोरं बसली होती. आमच्या चर्चची थोडी, बाकी गल्लीतली, कारण शेवटी बिस्किटं मिळतात ही बातमी जातधर्म बघून पसरत नाही. मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. देवानं पहिल्या दिवशी उजेड केला इथपर्यंत ठीक होतं. मग पप्पू नावाच्या पोरानं विचारलं, "सर, ढेकणं कोनच्या दिवशी केली?" मी नोहाच्या तारवावर उडी मारली. तारवात प्रत्येक प्राण्याची जोडी होती म्हणाल्यावर मल्लेशनं विचारलं, "मग वाघानं काय खाल्लं?" एक पोरगी रडायला लागली, तिच्या घरी शेळ्या होत्या. "पुढच्या रविवारी सांगतो," असं मी म्हणालो. उशिरा येणाऱ्या गाडीबद्दलही मी असंच बोलतो. पण प्रवासी निदान सतरंजी ओढत नाहीत.

घरी गेल्यावर अंग तापलं. मनिषा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, एवढीशी लेकरं. त्यांना काय भ्यायचं?"

"एवढीशी आहेत म्हणूनच," मी म्हणालो. "खाली बघितल्याशिवाय दिसत नाहीत."

दोनतीन रविवार असेच गेले. मग दानीएलाची गोष्ट आली. दानीएल हा देवाचा भक्त. राजाच्या हुकुमाविरुद्ध प्रार्थना केली म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकतात. पण देव दूत पाठवतो, देवदूत सिंहांची तोंडं बंद करतो आणि दानीएल सुखरूप राहतो. सांगता सांगता सिंहाच्या जागी मी सहज डरकाळी फोडली. ती का फोडली ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा बेजार झालो होतो.

खोली एकदम खामोश झाली. पोरांचे डोळे पुरीएवढे झाले. कुणी कुणाला चिमटा काढेना. मग मागून एक बारीक आवाज आला, "सर, अजून एकदा."

त्या दिवशी मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. वाटलं, आपण इतकी वर्षं खिडकीत उगीच घालवली. पोरं दारापर्यंत माझ्या मागं गुरगुरत आली. मी घरी जाताना रस्त्यानं एकटाच हसत होतो, असं मनिषाला शेजारणीनं सांगितलं.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पाळकसाहेबांना जाऊन म्हणालो, नाताळात मुलांचं नाटक बसवतो, दानीएलाचं.

"नाताळात दानीएल?" ते म्हणाले. "बाळ येशू, गव्हाणी, मेंढपाळ..."

"मेंढपाळ दरवर्षी होतात. सिंह कधी झालाय?"

त्यांनी वहीत दानीएल लिहून घेतला.

नाटकात सगळ्यांना सिंह व्हायचं होतं. दानीएल व्हायला कुणी तयार नाही. ज्याला खाणार आहेत तो कशाला व्हायचं, असा त्यांचा रोकडा हिशोब. पप्पू उशिरा आला म्हणून तो दानीएल झाला. सिंहासाठी मी सगळ्यांची डरकाळी ऐकली. पोरांच्या डरकाळ्या खोकल्यासारख्या निघाल्या. मग पहिलीत जाणारी पंकजा उठली. "अजून एकदा" म्हणणारी हीच. कमरेएवढीसुद्धा नाही, नाक वाहणारं, दोन वेण्यांपैकी एक सुटलेली. तिनं तोंड उघडलं आणि खिडकीच्या काचेवर बसलेली पाल खाली पडली. दुसऱ्या कुणाचा विचारच उरला नाही.

देवदूत झाला मल्लेश. हा चर्चच्या शेजारच्या गुरुसिद्धप्पांचा नातू. अप्पांचं कापडाचं दुकान आहे आणि चर्चच्या मागं त्यांचाच ऊस. घर पक्कं शिवभक्त. अप्पा स्वतः सांगायला आले. "मास्तर, देवदूत आमचा मल्लेश ऱ्हाईल, आमची काई हरकत न्हाई. पन कपाळाची विभूती पुसायची न्हाई. बिनाविभूतीचं लेकरू आमी घराबाहीर काढीत न्हाई."

पाळकसाहेब जरा विचारात पडले. मी म्हणालो, देवदूताच्या कपाळावर काय असतं ते शास्त्रात दिलेलं नाही. प्रश्न मिटला.

सिंहाचं कातडंही अप्पांच्याच दुकानातून आलं. सिंहाच्या रंगाचं पांघरूण मागितलं, तर पिवळं होतं पण त्यावर काळे ठिपके. मनिषा म्हणाली, "सिंहाला ठिपके नसतात." अप्पा ते पांघरूण घडी घालून पिशवीत टाकत म्हणाले, "लहानपनी आसतात, वैनी." सुतळीची आयाळ करून ती टोपीला टाचली. पंकजानं ते अंगात घातलं आणि काढायलाच तयार होईना.

तालमीचा रविवार उजाडला. उपासना झाली, मोठी माणसं घरी गेली. चर्चच्या आवारात बाकं लावून मी गुहा केली. पप्पू गुडघे टेकून प्रार्थनेला बसला. अडचण अशी, की पंकजा थांबेना. देवदूत आला, त्यानं तोंडावर हात ठेवला, तरी हाताखालून डरकाळी चालूच. पप्पूची प्रार्थना बुडाली आणि तो खराखुरा रडायला लागला. तेव्हा मी पंकजासमोर उकिडवा बसलो आणि फार गंभीरपणे म्हणालो, "हे बघ. देवदूतानं हात लावला की तुझं तोंड बंद. मग कुणीही हाक मारू दे, काहीही होऊ दे, शब्द काढायचा नाही. देवदूत उघडील तेव्हाच उघडायचं."

तिनं मान हलवली. मल्लेशनं हात लावला. तोंड असं मिटलं, की मला फार अभिमान वाटला.

तेवढ्यात मंडपवाला आला. पाळकसाहेबांनी मला आत बोलावलं. नाताळचा मंडप दाराच्या डावीकडं की उजवीकडं, ह्या विषयाला जेवढा वेळ लागावा त्याच्या दुप्पट लागला. बाहेर पोरांना बिस्किटं वाटून "बसा गप्प" असं सांगून गेलो होतो. परत आलो तर आवार रिकामं. पोरांना भूक लागली असेल, गेली असतील घरी. अप्पांच्या घरची जीप सकाळपासून दारात उभी होती, सगळे चारठाण्याला नातेवाइकाच्या कार्यक्रमाला निघाले होते, तीही गेलेली. मी बाकं उचलली, कुलूप लावलं, घरी जाऊन जेवलो आणि आडवा झालो.

दुपार कलल्यावर दार वाजलं. दारात दगडाबाई. पंकजाची आजी. चर्चची नव्हे, भाजीच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी, मोजकं बोलणारी म्हातारी.

"मास्तर, पोरगी धाडा की आता. सांज व्हायलीय."

"पंकजा? ती तर कधीच गेली."

"न्हाई आली."

 मागचं एकेक चित्र डोळ्यांपुढं आलं. मी पोरं जाताना बघितली नव्हती. आवाराचं मागचं फाटक बघितलं नव्हतं. ते नुसतं लोटलेलं असतं, आणि फाटकापलीकडं ऊस. मनिषानं चपला पुढं सरकवल्या. मी त्या हातात घेऊन पळालो, मागोमाग ती.

चर्चजवळ आधीच घोळका होता. मला वाटलं, पोरगी सापडली. मध्ये उभा होता मुंजाजी, अप्पांच्या शेतावरचा सालगडी. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"डोळ्यानं बगितला म्या," तो सांगत होता. "पिवळा. अंगावर ठिपके. बांधावर बसला व्हता. मला बगून उसात घुसला. बिबट्याच."

"केवढा होता?"

"ल्हान. बछडा व्हता."

"बछडा हाय म्हंजी मादीबी आसंल," कुणीतरी म्हणालं. लोक एक पाऊल मागं सरकले.

माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगी उसात आहे. गल्लीतली तरणी पोरं काठ्या घेऊन यायला लागली होती, दोघांनी कुत्री आणली होती, एकानं उसाकडं धोंडा भिरकावलाही. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "थांबा. दगड मारू नका. तो बिबट्या नाही, तो सिंह आहे."

 मग मागून एकानं पुढच्याला सांगितलं, "सिंहबी आलाय म्हनायलेत."

ही बातमी बसस्टँडवर माझ्याआधी पोचली असणार, कारण थोड्याच वेळात माझ्या सहकाऱ्याचा फोन आला, "मास्तर, सिंह कोनत्या रोडला हाय? गाड्या वळवायच्या का?"

मी ओरडून सांगू लागलो, तो आमच्या नाटकातला सिंह आहे, पांघरूण घातलेली लहान मुलगी आहे. लोकांनी एवढंच ऐकलं की आत लहान मुलगी आहे. "बिबट्यानं पोरगी नेली," असं बायांपैकी कुणीतरी म्हणालं, आणि दगडाबाई जिथं होती तिथंच मातीत बसली. रडली नाही. नुसती उसाकडं बघत राहिली. त्या नजरेसमोर उभं राहण्यापेक्षा मला खरा बिबट्या परवडला असता.

आणि खरं सांगायचं तर तोवर माझाही धीर सुटला होता. मुंजाजीनं बघितली ती पंकजाच, कशावरून? ठिपके मी आणले, पण ठिपके फक्त माझ्याकडंच थोडेच आहेत? उसात रानडुकरं असतात. साप असतात. आणि बिबट्या नसतोच असं कुणाला छातीवर हात ठेवून सांगता येतं?

वनखात्याचे एक साहेब मोटरसायकलवर आले. चांगला माणूस, पण शिस्तीचा. त्यांनी आधी पावलांचे ठसे बघितले. ते कुत्र्याचे निघाले, मग चपलेचे निघाले, ती चप्पल माझी होती. ते म्हणाले, पिंजरा दुसरीकडं गेलेला आहे, तो येईपर्यंत उसाच्या फडात कुणी जायचं नाही. मी म्हणालो, आत मुलगी आहे. ते म्हणाले, म्हणूनच. मग त्यांनी माझा जबाब घ्यायला सुरुवात केली.

"प्राणी कोणता?"

"सिंह."

"वय?"

"सहा."

"नर की मादी?"

"साहेब, पहिलीत आहे ती."

त्यांनी लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडं फार दयेनं बघितलं.

तेवढ्यात घोळक्यातून एक आवाज आला. "कामून येळ घालवायलाव? फड पेटवून द्या. धूर झाला की आपसूक बाहीर येतंय." आणि तो माणूस नुसता बोलत नव्हता. त्याच्या हातात काडेपेटी होती. खाली वाळलेलं पाचट, वारा उसाकडं. अप्पा चारठाण्याला, माझ्या उसाला हात लावू नका म्हणायला मालकही नाही.

त्यानंतर मी काय केलं ते मनिषानं मला नंतर सांगितलं, मला नीट आठवत नाही. मी त्या माणसाच्या आणि उसाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. काडेपेटीतल्या काड्या खुळखुळ वाजत होत्या. वनखात्याच्या साहेबांनी ती पेटी काढून खिशात घातली. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना जन्मभर नमस्कार करीन.

पाळकसाहेब धावत आले. चर्चचा लाउडस्पीकर लावायचा ठरलं. त्याची परवानगी फक्त नाताळच्या दिवसाची होती. पाळकसाहेब नियमाला फार जपणारे. पण त्यांनी स्वतः वायर जोडली आणि माइक माझ्या हातात दिला. मी हाक मारली. "पंकजा, बाहेर ये. सर आहेत. पंकजा." खिडकीत बसून गाड्यांची नावं पुकारणारा माझा आवाज उसावरून गेला आणि विरून गेला. उत्तर नाही. दगडाबाईनं हाक मारली. उत्तर नाही. पान हललं की सगळे दचकत. कुणी कुणाकडं बघेना.

आणि मग मला ते आठवलं. कुणीही हाक मारू दे, काहीही होऊ दे, शब्द काढायचा नाही. मीच सांगितलं होतं. उकिडवा बसून.

"मल्लेश," मी म्हणालो. "मल्लेश पाहिजे. त्यानं तिचं तोंड उघडलंच नाही."

वनखात्याचे साहेब पाळकसाहेबांना हळूच म्हणाले, "ह्यांना सावलीत बसवा."

अप्पांनी फोन उचलला नाही. शेवटी मल्लेशच्या आईनं, शिवकन्यानं उचलला. मागं चारठाण्याच्या पंगतीचा गलका. मी "मल्लेशला द्या" म्हणालो तर ती घाबरून म्हणाली, "काय केलं ह्यानं, मास्तर?" काही केलं नाही, एक काम राहिलंय, असं सांगेपर्यंत रेंज दोनदा गेली. मग मल्लेश आला.

"मल्लेश, तू देवदूत आहेस ना? पंकजाचं तोंड उघड बाळा. इथूनच."

"मी आता जेवायलोय."

"बाळा, ती हरवलीय. तुझंच ऐकेल."

 मग तो म्हणाला, "मग मलाबी सिंह करा."

"केलं."

"देवाशप्पथ?"

चर्चच्या आवारात, पाळकांच्या समोर, मी शपथ घेतली. पाळकसाहेबांनी उसाकडं तोंड फिरवलं. मग मी फोन माइकला लावला आणि चारठाण्यात भात खाणारा देवदूत गंगाखेडच्या उसावर बोलला.

"पंकजे, मी मल्लेश. मी हात काडला. आता उगड."

 आणि उसाच्या मधोमध, सांज उतरत असताना, डरकाळी उठली.

मी ती ओळखत होतो. लोक ओळखत नव्हते. एका दमात आवार रिकामं झालं. काठ्या तिथंच पडल्या, कुत्री मालकांच्या पुढं पळाली. वनखात्याचे साहेब तेवढे उभे राहिले, मोटरसायकलच्या पलीकडं. मुंजाजीनं जाता जाता आपली काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "व्हा फुडं, मी हाय हितं." त्याचं 'हितं' म्हणजे चर्चच्या बंद दाराआड होतं.

दगडाबाई उठायला लागली. मी तिला बसवलं आणि फाटकातून आत गेलो.

तो ऊस मी रोज बघत आलोय. आत कधी गेलो नव्हतो. दोन पावलांवर बाहेरचं जग बंद झालं. पात्यांनी गाल, हात चिरले. पुढं हात केला तर हातच दिसेना. कुठंतरी काहीतरी सरपटलं. मी दानीएलाची प्रार्थना म्हणायला लागलो आणि निम्म्यात विसरलो. खिडकीची जाळी आठवली. मग पुन्हा डरकाळी आली, आता जवळून, जरा दमलेली, शेवटी उचकी लागलेली.

ती पाण्याच्या कोरड्या दांडात बसली होती. पांघरूण डोक्यावरून घेतलेलं, आयाळ कुठंतरी अडकून गेलेली, तोंडावर पात्यांचे ओरखडे. मला बघून ती आधी म्हणाली, "सर, मी तोंड उगडलं नव्हतं."

"नव्हतंस," मी म्हणालो. मी तिच्याशेजारी दांडात बसलो. "पण आत कशाला आलीस गं?"

"आईला बगायला."

"इथं?"

"आजी म्हन्ती, आई आन् बाबा उसाला गेलेत." तिनं नाक पांघरुणाला पुसलं. "म्या सगळीकडं बगितलं. हितं न्हाईत."

तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. टोळीच्या ट्रकमधून, कोल्हापूरकडं कुठंतरी. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिला फक्त ऊस माहीत होता.

"सर, आई कोनच्या उसात हाय?"

मला मुक्कामी गाड्या माहीत आहेत, जादा गाड्या माहीत आहेत, देवगाव फाट्यावर कुठली गाडी थांबते आणि कुठली थांबत नाही ते झोपेतही सांगेन. हे मला माहीत नव्हतं.

"लांबच्या," मी म्हणालो.

"तितं एसटी जाती?"

"जाते."

तिनं थोडा विचार केला. मग दोन्ही हात वर केले. "मग मला कडंवर घ्या. पाय दुकायलेत."

फाटकाशी दगडाबाईनं तिला माझ्याकडून ओढून घेतलं, एक चापट मारली आणि छातीशी धरली. मला ती एक शब्द बोलली नाही. लोक परत जमले, फोटो काढायला लागले. वनखात्याच्या साहेबांनी जबाबात 'सिंह' खोडून 'बालिका' लिहिलं आणि माझी सही घेतली. ती सही माझी आहे असं आता मलाही वाटत नाही.

पुढचा आठवडा खिडकीत काढणं अवघड गेलं. "मास्तर, सिंह किती वाजता लागतो?" असं विचारणारे प्रवासी मी मोजले नाहीत. पण खरी भीती त्याची नव्हती. झोपेत मला काडेपेटीचा आवाज येई. मी मनाशी ठरवलं, हे काम आपलं नाही. रविवारी उपासनेआधी चर्चची कमिटी बसली. पाळकसाहेब नेहमीसारखे गोड बोलले, पण ह्या वेळी त्यांना काय म्हणायचंय ते जागेवरच कळलं. नाटक रद्द. शब्बाथशाळा बाई परत येईपर्यंत बंद. मुलांची जिम्मेदारी मोठी असते. मी मान हलवली. माझं म्हणणं तेच होतं.

तेवढ्यात दारात दगडाबाई दिसली. टोपली खाली ठेवून, चपला काढून, उंबऱ्याच्या बाहेरच उभी. हाताला धरलेली पंकजा.  मनात म्हणालो, आता बोलेल. बोलू दे. तिचा हक्क आहे.

"नाटक कवा हाय?" तिनं विचारलं.

पाळकसाहेबांनी सांगितलं, नाटक होणार नाही, शाळाही बंद.

"कामून?"

पाळकसाहेब समोरचे कागद सारखे करायला लागले.

"आमची पोरगी घरी बोलत न्हाई," दगडाबाई म्हणाली. "मायबाप गेल्यापसून मुकी बसती. खा म्हनलं तर खाती, झोप म्हनलं तर झोपती. माझ्यासंगं बोलत न्हाई, शाळंत बोलत न्हाई. हितून आली की रांजनात तोंड घालून वरडती. मग मला कळतंय, लेकरू जित्तं हाय."

मी पंकजाकडं बघितलं. जिच्या डरकाळीनं पाल पडली ती पोरगी आजीच्या पदराआड उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती.

कमिटीतलं कुणी खोकललं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडं बघितलं. माझी चप्पल त्या दिवशी दारातच होती. जायला वाट मोकळी होती.

"आज मल्लेशही येणार आहे," मी म्हणालो. "त्याला शब्द दिलाय. शास्त्रात तसेही सिंह पुष्कळ होते."

दगडाबाईनं पंकजाचा हात माझ्या हातात दिला. टोपली उचलून डोक्यावर ठेवली. जाता जाता थांबली.

"मास्तर, फाटकाला कडी लावत जावा."

एवढंच. ते मला खालपासून वरपर्यंत लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं.

मी आवारात गेलो. मागच्या फाटकाची कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.  खोलीत सतरंजी अंथरली. पोरं दाणदाण आत शिरली. मल्लेश आधीच चार पायांवर आला होता, विभूतीसकट. दारापाशी उभं राहून मी एकेकाला आत जाताना बघितलं, नावानिशी, आणि सगळे बसल्यावर परत एकदा बघितलं.

पंकजानं माझा शर्ट ओढला.

"सर," ती म्हणाली, "आज कुनाला खायचं?"